हळदीच्या पेवात चाचांचं बाड

अन्याय झाला तो आमच्या गावच्या कल्हईवाल्या चाचांवर. केव्हा झाला तेही सांगतो: १९७४ साली, बैलांच्या बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी चारची एसटी फाट्यावर चिखल उडवून गेल्यानंतर लगेच. आमच्या पत्रकांची पहिली ओळ नेहमी अशीच असायची, कोणावर आणि केव्हा. दुसऱ्या ओळीत यायचं, कोणी केला. त्या दुसऱ्या ओळीपाशी मी काही वर्षं अडून बसलो होतो. आता लिहितो. मी केला.

आमचं गाव कुंडलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो आणि आठवड्यातले चार दिवस गावात असायचो, कारण निषेध करण्यासारख्या गोष्टी गावात जास्त होत्या. आमची पाच-सहा जणांची युवक संघटना होती आणि एका प्राध्यापकांच्या मेहेरबानीनं वापरायला मिळणारं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. एसटीचा थांबा हलवला, पत्रक. हॉटेलवाल्यानं चहाचा कप बदलून बुटका केला, पत्रक. टुरिंग टॉकीजनं शेवटचं रीळ न दाखवताच दिवे लावले, त्यावर तर दोन पत्रकं, दुसरं पहिल्याचा खुलासा करणारं. लोक वाचायचे की नाही ठाऊक नाही. घ्यायचे मात्र नक्की, कागद जाड असायचा.

त्या जाड कागदाचं पुढं काय होतं ते मला कळलं वाचनालयात. गावचं वाचनालय म्हणजे चावडीमागची एक खोली, दोन कपाटं, आणि खुर्चीत बसलेले निवृत्त हवालदार. गाव त्यांना हवालदारच म्हणायचं, बायकोसुद्धा. एका दुपारी मी तिथं एक रहस्यकथा उचलली. तिला कुणीतरी खळ लावून छान कव्हर घातलं होतं आणि कव्हरावर मोठ्या अक्षरात होतं, 'जाहीर निषेध'. माझं पत्रक. उलटं चिकटवलेलं.

"हवालदार, हे काय?"

"कवर हाय."

"हे पत्रक आहे. चळवळीचा दस्तऐवज आहे हा."

"व्हय की. म्हणूनच घातलंय. बाकीचा कागद लगीच फाटतो."

मी तिथंच उभा राहून त्यांना सुनावलं. हा जनतेचा इतिहास आहे आणि त्याला तुम्ही खळ लावता, वगैरे. हवालदारांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "बस. तुला एक गोष्ट सांगतो. पुरी ऐक."

पुरी ऐक, असं ते म्हणाले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

लढाईत त्यांची पलटण इटलीत होती. पायाला गोळी लागून ते इस्पितळात पडले, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक गोरा सोल्जर होता. "मी त्याला इंग्लिश म्हणालो," हवालदार सांगत होते, "तर गडी मोडक्या पायावर उभा ऱ्हायला भांडायला. म्हणाला, मी वेल्श. आमचा मुलूख येगळा, आमची भाषा येगळी. मला लगीच पटलं. मला कोण पुण्याचा म्हणालं तर माझंबी तसंच हुतंय."

लढाई संपल्यावर हवालदारांची तुकडी परेडसाठी विलायतेला नेली. तिथं त्या दोस्तानं त्यांना गाठलं आणि सुट्टीत आपल्या मुलखात नेलं. डोंगर, मेंढरं आणि पाऊस. स्टेशनांची नावं इतकी लांब की गाडी हलली तरी वाचून होत नाहीत. आणि एका समुद्राकाठच्या गावात, टेकडीवर, पांढऱ्या दगडाची टोलेजंग इमारत. हवालदारांना वाटलं राजाचा वाडा असेल. दोस्त म्हणाला, हे आमच्या देशाचं ग्रंथालय.

"त्याच्या बापानं आणि बापाच्या दोस्तांनी खाणीतल्या पगारातनं वर्गणी दिलेली त्याला," हवालदार म्हणाले. "कोळशाच्या खाणीतली माणसं. आपल्या भाषंत जे जे लिवलं, छापलं, ते समदं तिथं. शिवाजी महाराजांच्याबी आदी शेकडो वरसं हातानं लिवलेली पुस्तकं. आणि तसलीच न्हवं, जत्रंत गाणी म्हणून इकायच्या चार-चार पानांच्या चोपड्या असत्यात, त्याबी. सभेची पत्रकं, नाटकाच्या जाहिराती, पंचांगं. टाकून कायबी देत न्हाईत."

"पत्रकंसुद्धा?"

"पत्रकंबी."

माझं डोकं तापलं ते तिथं. विलायतेत खाणकामगार आपली पत्रकं जपतो आणि इथं माझं पत्रक रहस्यकथेच्या पाठीवर उलटं.

"आणि लढाईच्या वक्ताला," हवालदार पुढं सांगत होते, "बॉम पडतील म्हणून त्यांनी टेकडीला भुयार खणलं. खडकात. आणि मोलाची पुस्तकं नेऊन आत ठिवली. दोस्ताच्या आईनं मला इचारलं, तुमच्या भाषंचं तुमी कुठं जपता? मी काय सांगनार? म्हणालो, आमच्या गावातबी हाय तसलं. खोटं बोललो. ते सलतं म्हणून तर हितं फुकट बसतोय. आता पुढचं ऐक, भुयारातनं..."

पण मी उठलो होतो. भुयार या शब्दापाशीच माझ्या डोक्यात मथळा छापून तयार होता. हवालदारांनी मागून हाक मारली, "आरं पुढचं ऱ्हायलं की." मी हात हलवला. पत्रक आधी, पुढचं नंतर.

पत्रकाचा मथळा होता, 'वेल्सचा खाणकामगार जागा आहे. तुम्ही?' खाली मागणी: प्रत्येक घरानं आपल्याकडचा लिखित वारसा संघटनेकडं जमा करावा. मी दारोदार फिरलो. लोकांनी उदार मनानं दिलं. आठवडाभरात माझ्याकडं तीन कुंडल्या, एक फाटकी रेशनची पावती, लग्नाच्या पत्रिका एका पोतडीत मावणार नाहीत इतक्या, एका आजीची खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी आणि एकाला आलेलं कोर्टाचं समन्स जमा झालं. समन्सवाला म्हणाला, "जपून ठेव गड्या. सापडलं न्हाई पायजे." लष्करातून आलेली पत्रं मात्र कुणी दिली नाहीत. ती मागायलाही मला धीर झाला नाही.

खरी वस्तू गावात एकच होती आणि ती चाचांकडं होती.

चाचा पेठेच्या टोकाला भाता लावून भांड्यांना कल्हई करायचे. पण तालुक्यात त्यांची ओळख होती ती गाणारा म्हणून. आमच्या भागात बेंदराला बैलांची मिरवणूक झाली की पिराच्या कट्ट्यासमोर गाण्याचा सामना व्हायचा. एक बाजू कलगीची, एक तुऱ्याची. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं. सोडवता आलं नाही तर आपला डफ समोरच्याच्या पायाशी पालथा ठेवायचा आणि पुढच्या बेंदरापर्यंत त्यावर थाप मारायची नाही. चाचा कलगीचे. तीस वर्षांत त्यांचा डफ पालथा पडला नव्हता.

त्यांची गाणी होती एका बाडात. बाड म्हणजे शाहिराची हातानं लिहिलेली जाड वही. चाचांचं बाड त्यांच्या उस्तादांच्या अक्षरातलं, लाल फडक्यात बांधलेलं, विटेएवढं. ते मागायला मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ते एका पातेल्यावर कापूस फिरवत होते.

"चाचा, तुमच्या घरात उंदीर आहेत. वाळवी आहे. भाता आहे. एक ठिणगी उडाली तर संपलं."

"तीस वरसं उडत्यात ठिणग्या. बाडाला म्हाईत हाय कुठं बसायचं ते."

"वेल्समधे असं बाड राजाच्या मुकुटासारखं ठेवतात."

"मग मुकुट घालत न्हाईत कवा?"

"चाचा, मी चेष्टा करत नाही."

"मीबी न्हाई." त्यांनी पातेलं उन्हात धरलं, त्यात आपलं तोंड बघितलं. "बेंदराला लागंल मला. कोरेगावच्या गुरुजींनी मागल्या साली जाता जाता कोडं घातलंय. वरसाची मुदत हाय. उत्तर बाडात हाय."

"मागाल तेव्हा हजर करतो."

"मागीन तवा?"

"मागाल तेव्हा."

हा शब्द मी दिला आणि बाड उचलून आणलं. साक्षीला पातेलं होतं.

आता बाड ठेवायचं कुठं? वाचनालयाच्या भिंतीला वाळवी होती आणि छपराला भोक. पण मला भुयार ठाऊक होतं. सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला हळदीची पेवं आहेत, जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खणलेली, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली पोट फुगलेल्या घागरीसारखी जागा. आत पाला आणि चटया लावून हळद ओततात आणि तोंड मातीनं लिंपून टाकतात. हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते, किडा म्हणून लागत नाही. माझे मामा त्याच धंद्यात. त्यांचं एक पेव वैशाखात भरायचं होतं. वेल्सच्या लोकांना खडक फोडावा लागला, आपल्याकडं भुयार तयार आहे, असं मी पत्रकातही लिहिलं.

मी आणखी एक शहाणपण केलं. किडा लागू नये म्हणून बाडाच्या प्रत्येक दोन पानांत मूठभर हळदीची पूड घातली. घरातला डबा रिकामा झाला. मग बाड, कुंडल्या, पत्रिका, समन्स, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून सांगलीला नेलं. मामा नको म्हणत होते, पण बहिणीचा मुलगा म्हणून गप्प बसले. अर्धी हळद ओतल्यावर ट्रंक आत सोडली, वर उरलेली अर्धी ओतली, तोंडावर फरशी आणि चिखल. मी तिथं उभा राहून छोटंसं भाषण केलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या, कारण नंतर चहा होता.

मग उजाडला तो बेंदराचा आदला दिवस.

चारची एसटी गेली आणि चाचा वाचनालयाच्या दारात आले. धुतलेला सदरा, काखेत डफ.

"दे रं. उद्या सामना."

"चाचा, बाड अगदी सुरक्षित आहे."

"मी सुरक्षित हाय का इचारलं न्हाई. दे म्हणालो."

"ते सांगलीत आहे. जमिनीखाली."

चाचांनी काखेतला डफ टेबलावर ठेवला. मग हवालदारांना म्हणाले, "हवालदार, हे काय म्हणतंय?"

हवालदारांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

मी म्हणालो, "बाडातलं तुम्हाला पाठ असेलच की, चाचा."

"पाठ असतं तर बाड कशाला पायजे?"

"मग उत्तर कुणाला तरी आधी वाचून..."

"मला वाचाया येत न्हाई," चाचा म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. तीस वर्षं सामन्यात ते बाड उघडून समोर ठेवत आणि पानावर बोट फिरवत गात. मग त्यांनी जे सांगितलं ते असं: ते अक्षरं बघत नसत, डाग बघत. उस्तादांनी गाणी शिकवली तेव्हा प्रत्येक पानावर काही ना काही सांडलेलं. या पानावर चहाचा कप टेकलेला, म्हणजे मायेचं गाणं. त्या पानावर पानाची पिंक, म्हणजे पंचभूतांचं. डाग बघितला की तो दिवस आठवायचा, दिवस आठवला की उस्तादांचा आवाज, आणि मग गाणं आपोआप. गुरुजींच्या कोड्याचं उत्तर होतं तेलाच्या डागाच्या पानावर. डागाचा आकार तीन पायांच्या शेळीसारखा. उस्तादांच्या बायकोनं भजी तळताना झारा झटकला होता.

मी पाचची एसटी पकडून सांगली गाठली. मामा पेढीवर होते.

"मामा, पेव उघडा."

"दसऱ्याला."

"उद्या सामना आहे."

"गड्या, पेवात वाईट हवा साठती. तोंड उघडून दिवसभर ठिवावं लागतं, मग दोरीनं दिवा सोडून बघायचं. दिवा इझला तर माणूस उतरवत न्हाईत. तुझा चाचा गातोय म्हणून माझी माणसं मारू व्हय?"

सकाळी परतीच्या एसटीत मी मामांच्या निषेधाचं पत्रक लिहिलं. घरी आल्यावर आईनं ते खिशातून काढून वाचलं. "माझ्या भावाचा निषेध करतोस?" ती म्हणाली. "मग मामानं दिलेली पँट काढून ठेव आणि जा कुठं जायचं तिकडं." पत्रक मी फाडलं. आमच्या संघटनेच्या इतिहासात मागं घेतलेलं ते एकमेव पत्रक.

बेंदराची दुपार आम्ही वाचनालयात काढली. बाहेर बैलांच्या शिंगांना लाल हिंगूळ लागत होता, आत आम्ही तिघं शेळी करत होतो. कल्पना हवालदारांची. डाग पाहिजे ना, मग डाग पाडू. मी शाळेच्या वहीची पानं फाडली, हवालदारांनी घरून शेंगदाण्याच्या तेलाची वाटी आणि झारा आणला. चाचा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते.

"लांबनं झटक. उस्तादाची बायकू दीड हात लांब हुती."

झटकलं.

"ही कोंबडी झाली."

पुन्हा झटकलं.

"ह्याला चार पाय हायत. माझी तीन पायाची हुती."

"एक पाय झाकून बघा की चाचा."

"डाग झाकून कोण बघतं रं?"

हवालदारांनी नेम धरून एक सपकारा मारला. तेल माझ्या सदऱ्यावर आलं. चाचा पुढं वाकले, माझ्या छातीकडं टक लावून बघायला लागले. "हितं," ते म्हणाले, "हितं हाय. मान जरा आखूड हाय, पर हीच." आणि त्यांनी डोळे मिटले आणि गुणगुणायला लागले. मी श्वास रोखून उभा, पोट हलू नये म्हणून. पहिलं कडवं आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. चौथ्यापाशी ते थांबले, डोळे उघडले, डागाकडं पुन्हा बघितलं.

"शेपटी कुठं हाय?"

शेपटी नव्हती. आम्ही वाटी संपेपर्यंत प्रयत्न केला. माझ्या सदऱ्यावर सगळा कोंडवाडा झाला, पण त्या शेळीला शेपटी आली नाही.

संध्याकाळी बैल घरी गेल्यावर पिराच्या कट्ट्यासमोर माणूस दाटला. कडेगावकडनं ट्रॅक्टर भरून लोक आले होते. एका बाजूला कोरेगावचे गुरुजी, निवृत्त मास्तर, तुऱ्याचे, मांडीवर इस्त्रीचा रुमाल. दुसऱ्या बाजूला चाचा, आणि चाचांच्या समोर, जिथं बाड असायचं तिथं, मी. तेलकट सदरा घालून, मांडी घालून, छाती पुढं काढून. कुणीतरी मागून विचारलं, "ह्यो का बसलाय हितं?" दुसरा म्हणाला, "नवस असंल."

गुरुजींनी आपलं कोडं पुन्हा गाऊन घातलं. नऊ दारांचं घर तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, ते शरीर. पण दहावं दार कुठलं, आणि त्याची कडी आतून की बाहेरून? चाचांनी डफावर थाप मारली. माझ्या छातीकडं बघत त्यांनी तीन कडवी अशी म्हटली की गुरुजींनीसुद्धा मान डोलावली. दहावं दार सापडलं. राहिली कडी.

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मी पोट ताणलं, सदरा ओढला, जमेल तेवढी शेपटी काढली. डफ एकाच ठेक्यावर घुमत होता. एकदा घुमला, दोनदा, आणि हळूहळू थांबला.

"कडीचं न्हाई माझ्याजवळ," चाचा म्हणाले. "हुतं."

ते उठले आणि त्यांनी डफ गुरुजींच्या पायाशी पालथा ठेवला. गुरुजींनी हात पुढं केला होता, नको म्हणायला की घ्यायला, कळलं नाही. माणसं पांगली. मी तिथं बसूनच राहिलो. ती माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत गेली, त्या नजरेनं मी आयुष्यभर आमदारांकडं आणि एसटीच्या कंट्रोलरकडं बघत आलो होतो.

चाचा पुन्हा भात्यापाशी बसले. डफ बंद म्हणून हात थोडाच बंद राहतो? ते कल्हईला आलेल्या भांड्यांवर ठेका धरायला लागले. श्रावणापर्यंत अर्ध्या गावाच्या पातेल्यांना पोचे आले होते. आमच्या घरच्या तांब्याला तर जास्तच. आईनं तो माझ्यासमोर ठेवून मला त्यातनंच पाणी प्यायला लावलं.

दसऱ्याला मामांनी पेव उघडलं. दिवसभर वारा दिला, दिवा सोडला, मग माणूस उतरला. ट्रंक घेऊन मी धावत पेठेत गेलो. हवालदारांनाही बोलावलं. ट्रंक उघडली आणि आम्ही तिघं शिंकलो.

एक किडा नाही, एक वाळवी नाही. शाई जागच्या जागी, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. फक्त सगळं पिवळं. पत्रिका पिवळ्या, कुंडल्या पिवळ्या, समन्स पिवळं. आणि बाड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नवरदेवासारखं पिवळं. मी घातलेली मूठ-मूठ पूड पेवातल्या उबेनं पानापानात भिनली होती.

चाचांनी लाल फडकं सोडलं. एक पान उलटलं, दुसरं, दहावं. चहाचा डाग नाही. पिंक नाही. सगळी पानं सारखी.

"ही वही कुणाची?" ते म्हणाले.

"तुमची, चाचा."

"माझी न्हाई. माझी मला वाचता येत हुती."

मी घाईघाईनं तेलाच्या डागाचं पान शोधून काढलं. तेलानं मात्र हळद मनसोक्त प्यायली होती आणि डाग सगळीकडं पसरला होता. चाचांनी ते पान उजेडाकडं धरलं. हवालदारांनीही मान वाकडी करून बघितलं.

"शेळी हाय की," हवालदार हळूच म्हणाले.

"म्हैस हाय," चाचा म्हणाले. "गाभण."

मग ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला लागेपर्यंत. मला हसू येत नव्हतं. मी खाली बसलो, ते पान पुढं ओढलं आणि वाचायला लागलो. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. पहिली ओळ वाचली तोच चाचांनी ती माझ्या तोंडातून काढून घेतली आणि पहिलं कडवं गाऊन संपवलं. दुसरंही, तिसरंही. चौथ्याला मी थांबून सावकाश वाचलं:

कडी आतनं म्हणतो कोणी, कोणी बाहेरनं म्हणतो,
लोटून बघितलं नाही कुणी, जो तो बसून भांडतो.

"कडीच न्हाई व्हय," चाचा म्हणाले. "उघडंच हाय दार. आरं तिच्या मायला. एवढंच हुतं."

हवालदारांनी घसा साफ केला. "ते त्या दिवशीचं पुढचं," ते मला म्हणाले, "आता ऐकतोस का?"

मी मान हलवली.

"लढाई संपली तशी त्यांनी भुयारातनं समदं भाईर आणलं. आणि मी गेलो तवा दोस्तानं नुसतं एक चिठ्ठी लिवून दिली, तर एका पोरीनं ते शेकडो वरसांचं पुस्तक आणून माझ्या म्होरं टेबलावर ठिवलं. उशी घालून. माझ्या. मी कोण? ना गोरा, ना त्यांची भाषा येत. एवढंच म्हणाली, हात धुऊन या. दोस्ताचा बाप खाणीतला माणूस, त्यानं मोठ्यानं एक ओळ वाचली आणि आजूबाजूच्या दोघांनी पुढची म्हणली. ते बघायला मला तिकडं न्हेलं हुतं त्यानं. भुयार बघायला न्हाई."

हे ऐकायला मला दोन मिनिटं लागली. न ऐकता पळालो त्याची किंमत चाचांनी एक वर्षाच्या डफानं दिली.

त्या दसऱ्यापासून मी रोज दुपारी चाचांच्या भात्यापाशी बसून एकेक पान वाचायचो. त्यांचं गाऊन झालं की ते त्या पानावर काहीतरी टेकवायचे, कधी चहाचा कप, कधी कल्हईच्या नवसागराचं बोट, एकदा कैरीच्या लोणच्याची फोड. "आता हे पान माझं झालं," म्हणायचे. संघटनेतल्या एका कार्यकर्त्यानं हे बघून दस्तऐवजाची विटंबना म्हणून माझ्याविरुद्ध पत्रक काढायची तयारी केली. मी त्याला बसवून घेतलं आणि पुरी गोष्ट ऐकवली. तो मधेच उठायला लागला तेव्हा त्याचा सदरा धरून ठेवला.

समन्सवाल्याला त्याचं समन्स परत मिळालं. तो म्हणाला, पिवळं झाल्यानं कोर्टात चालणार नाही ना? आमच्या मोहिमेवर खूश झालेला तो एकटा माणूस.

पुढच्या बेंदराला आणीबाणी लागली होती. पत्रकं काढायची सोय राहिली नव्हती आणि गर्दीचं सगळ्यांना भय. सामना कट्ट्याऐवजी चाचांच्या दारातच झाला, गुरुजी एसटीनं एकटेच आले. डफ आधी त्यांनीच उचलून सरळ केला. चाचांनी चारी कडवी म्हटली. गुरुजी कडीचं ऐकून म्हणाले, "हे मला मास्तरकी करताना कळायला हवं होतं." मग भजी झाली. झारा कोणी कुठं झटकला ते मी लिहीत नाही, नवं पान तयार झालं एवढं सांगतो.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात कुणाची तरी वही आहे, आईच्या गाण्यांची, आजोबांच्या हिशेबाबाहेरच्या गोष्टींची, काकांच्या लष्करातल्या पत्रांची. ती तुम्ही जपून ठेवली आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. मी तुमचा जाहीर निषेध करतो. हे वाचणं थांबवा. ट्रंक खाली काढा, हात धुवा, ज्याची वही आहे तो माणूस अजून घरात असेल तर त्याच्यासमोर बसा आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचा. आणि तो पुढं बोलायला लागला की पुरं ऐका.